रहस्य फुटल्यावर काय उरतें?

गोष्टीचा शेवट आधीं सांगणें हा अलीकडे सामाजिक अपराध ठरूं लागला आहे. चारचौघांच्या बैठकींत एखाद्यानें चित्रपटाचें अगर दूरचित्रवाणीवरील मालिकेचें रहस्य बोलून दाखविलें, तर वाढलेल्या ताटांत माती कालविणाऱ्याकडे पाहावें तसे सारे त्याच्याकडे पाहूं लागतात. या अपराधाला 'स्पॉयलर' असें इंग्रजी नांव मिळालें असून तें आतां मराठी घरांतही रुळलें आहे. वृत्तपत्रांतील परीक्षणकारांनीं तर त्याची इतकी धास्ती घेतली आहे कीं, कथा कोठें जाते, कशी जाते आणि तेथें जाऊन तिनें काय साधलें, हे परीक्षणाचे तीन मुख्य प्रश्न सोडून छायाचित्रण सुंदर आहे व अभिनय परिणामकारक आहे एवढेंच सांगून ते लेखणी खालीं ठेवितात. परीक्षण म्हणजे एक प्रकारचें मौनव्रतच होऊन बसलें आहे!

प्रथमच पाहणाऱ्याचा आनंद कोणीं हिरावूं नये हा साधा शिष्टाचार आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप शिष्टाचारावर नाहीं. त्याच्या आड दडून बसलेल्या सिद्धान्तावर आहे. तो सिद्धान्त असा कीं, कथेचें मोल तिच्या रहस्यांत असतें. रहस्य कळलें कीं कथा संपली. आणि म्हणून एकदां पाहिलेलें पुन्हां पाहणें म्हणजे पिळलेला ऊंस पुन्हां चरकांत घालणें होय. हा सिद्धान्त खोटा आहे, इतकेंच नव्हे तर तो घातुक आहे. कारण माणसाकडे कोडें म्हणून पाहावयास तो शिकवितो. हें म्हणणें सिद्ध करण्याकरितां प्रतिपक्षाच्याच गोटांतलें समजलें जाणारें एक उदाहरण आम्ही मुद्दाम निवडीत आहों.

तें उदाहरण 'लॉस्ट' या अमेरिकन मालिकेचें. २२ सप्टेंबर २००४ रोजीं एबीसी या वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखविला गेला आणि २३ मे २०१० रोजीं, सहाव्या पर्वाच्या अखेरीस, ती समाप्त झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलें एक विमान पॅसिफिक महासागरांतील एका अज्ञात बेटावर कोसळतें आणि वांचलेलीं ४८ माणसें किनाऱ्यावर सुटकेची वाट पाहत राहतात, येथून कथेस आरंभ होतो. अरण्यांत झाडें उन्मळून टाकणारें कांहीं तरी हिंडत असतें. उष्ण कटिबंधांत पांढरें अस्वल निघतें. सोळा वर्षें एकच संदेश पुन्हां पुन्हां उच्चारणारा आवाज बिनतारी यंत्रावर ऐकूं येतो. असे प्रश्न आठवड्यामागून आठवडे वाढत गेले आणि देशोदेशींचे प्रेक्षक त्यांचीं उत्तरें शोधीत बसले. शेवट झाला तेव्हां पुष्कळ प्रश्न तसेच राहिले असा ओरडा झाला. तेव्हांपासून या मालिकेचें नांव निघालें कीं, 'लेखकांनाच उत्तरें ठाऊक नव्हतीं' हा शेरा ठरलेला!

या समजुतीस मालिकेच्या जनकांपैकीं एकानेंच खतपाणी घातलें. जे. जे. एब्राम्स यांनीं २००७ सालीं टेड परिषदेंतील व्याख्यानांत, फार पूर्वीं जादूच्या दुकानांतून विकत घेतलेलें एक बंद खोकें श्रोत्यांस दाखविलें. आपण तें कधींच उघडलें नाहीं, कारण आंत काय असेल या शक्यतेंतच त्याची सारी मोहिनी आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. विचार आकर्षक खरा, पण अर्धवट. बंद खोक्याची मोहिनी तें बंद असेपर्यंतच टिकावयाची. उघडल्यानंतर काय, याचें उत्तर या तत्त्वज्ञानापाशीं नाहीं. अर्थात् एब्राम्स यांचा मालिकेशीं संबंध मुख्यतः आरंभींचा होता, आणि पुढची धुरा डेमन लिंडेलॉफ व कार्ल्टन क्यूज यांनीं वाहिली, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु या खोक्याच्या तत्त्वज्ञानाचें खंडन त्याच मालिकेच्या चौथ्याच भागांत, व्याख्यानापूर्वीं अडीच वर्षें, होऊन गेलेलें आहे. त्या भागाचा नायक खोकीं बनविणाऱ्या एका कंपनींतला कारकून असावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

'वॉकअबाउट' नांवाचा हा भाग १३ ऑक्टोबर २००४ रोजीं दाखविण्यांत आला. लेखक डेव्हिड फ्युरी, दिग्दर्शक जॅक बेंडर. ऑस्ट्रेलियांतील आदिवासींच्या एकाकी वनभ्रमणाची जी परंपरा सांगतात, तिचें हें इंग्रजी नांव. नायकास नांव दिलें आहे जॉन लॉक. मनुष्याचें मन जन्मतः कोऱ्या पाटीसारखें असतें असें प्रतिपादणाऱ्या सतराव्या शतकांतील इंग्रज तत्त्वज्ञाचेंच हें नांव आहे. ही भूमिका टेरी ओक्विन या नटानें केली आहे.

प्रथम पाहणाऱ्यास जें दिसतें तें असें. विमानाच्या मोडक्या सांगाड्यांत रात्रीं रानडुकरें शिरतात. आंत मृतांचीं शरीरें आहेत. किनाऱ्यावरचें अन्नही संपलें आहे. सारे गोंधळून गेले असतां हा टकल्या, अबोल, प्रौढ गृहस्थ पुढें येतो, सुऱ्यांनीं भरलेली पेटी उघडून दाखवितो, आणि आपण शिकार करूं, असें शांतपणें सांगतो. मधून मधून त्याचें पूर्ववृत्त दिसत राहतें. कचेरींत तो टेबलाशीं बसून हिशेबाचे कागद निपटतो; फोनवरून एक सहकारी त्याला 'कर्नल' म्हणून संबोधतो, पण तें सैन्य फक्त जेवणाच्या सुटींतल्या पटावरचें. ऑस्ट्रेलियांतील वनभ्रमणास जाण्याचा त्याचा बेत ऐकून वयानें लहान असा त्याचा वरिष्ठ त्याची चेष्टा करतो. आणि जें मला करतां येणार नाहीं तें मला सांगूं नका, असें लॉक त्याला बजावितो. घरीं फोनवर तो एका स्त्रीशीं बोलतो. पण ती तासाच्या हिशेबानें पैसे घेऊन बोलणारी आहे, आणि त्यानें सहलीस बरोबर येण्याची विनंति करतांच ती फोन खालीं ठेविते. हा एक स्वप्नाळू, किंचित् हास्यास्पद कारकून आहे आणि बेटावर त्याला खोटें शौर्य खरें करून दाखविण्याची संधि मिळाली आहे, असा प्रेक्षकाचा ग्रह होतो. मग मेलबर्नमधील सहल-कंपनीच्या कचेरींत तेथला गुमास्ता त्यास सांगतो कीं, तुम्हीं आपली स्थिति आम्हांपासून लपविली, तुम्हांस नेतां येणार नाहीं. लॉक संतापानें मागें वळतो, आणि तेव्हां प्रथमच दिसतें कीं, तो चाकांच्या खुर्चींत बसलेला आहे. चार वर्षें त्याचे पाय गेलेले आहेत. बेटावर कोसळल्या क्षणीं तो उभा राहिला!

रहस्य फुटलें. खोकें रिकामें झालें. प्रतिपक्षाच्या हिशेबाप्रमाणें आतां या भागांत कांहीं उरलें नाहीं. तर मग हाच भाग पुन्हां पाहावा.

पहिल्याच दृश्यांत, अपघाताच्या गदारोळांत, लॉकचा डोळा उघडतो आणि त्याच्या उघड्या पायाचीं बोटें हलतात. प्रथमदर्शनीं याचा अर्थ एवढाच कीं, हा मनुष्य जिवंत आहे. दुसऱ्या दर्शनीं कळतें कीं, सारी कथा पहिल्या मिनिटांतच सांगून झालेली आहे. पुढें शिकारींत रानडुक्कर अंगावर येऊन लॉक उताणा पडतो आणि कांहीं क्षण हलत नाहीं. प्रथम पाहणाऱ्यास वाटतें, त्याला मार बसला. पुन्हां पाहणाऱ्यास त्या क्षणांची भीति कळते: पाय अजून आहेत कीं परत गेले?

परंतु सर्वांत मोठा पालट होतो तो कचेरींतल्या दृश्यांत. लॉक प्रत्येक वेळीं बसलेलाच आहे. वरिष्ठ मात्र दोन पायांवर उभा राहून, वाकून, त्याला विचारीत आहे कीं, तुला हें झेपेल असें तुला वाटतें तरी कसें? जो प्रकार आधीं विनोद वाटला तो विनोद नव्हता, क्रूरता होती. त्या विनोदाला हंसणारा प्रेक्षक नकळत त्या वरिष्ठाच्या शेजारीं जाऊन उभा राहिला होता. त्याच प्रसंगीं लॉक नॉर्मन क्राउचर या इंग्रज गिर्यारोहकाचा दाखला देतो आणि दोन्ही पाय नसतांना तो एव्हरेस्टच्या माथ्यावर गेला असें सांगतो. प्रथम ऐकतांना हा दाखला विचित्र, अस्थानीं वाटतो. दुसऱ्यांदा त्याइतका नेमका दाखला दुसरा नाहीं असें दिसतें. शिवाय तो चुकीचाही आहे. कृत्रिम पायांच्या बळावर उंच पर्वत चढणारा क्राउचर हा खरा. पण दोन्ही पाय नसलेला मनुष्य एव्हरेस्टवर प्रथम पोंचला तो २००६ सालीं, आणि तो न्यूझीलंडचा मार्क इंग्लिस. म्हणजे लॉक ज्या पराक्रमावर विसंबून होता तो त्या वेळपावेतों कोणीं केलेलाच नव्हता. ज्याची गरज इतकी मोठी, तो पुरावा तपासीत बसत नाहीं. आणि लॉकच्या पुढच्या साऱ्या दैवाचें बीज या एका चुकींत आहे.

येथें आमचा मुख्य मुद्दा येतो. पहिल्या दर्शनांत प्रेक्षक लॉककडे पाहत असतो. दुसऱ्यांत तो लॉकच्या जागेवरून पाहूं लागतो. पहिल्यांत तो चकित होतो. दुसऱ्यांत न्यायी होतो. चकित होणें एकदांच शक्य असतें, पण न्यायी होण्यास मर्यादा नाहीं. रहस्य हा कथेचा गाभा नव्हता. तें केवळ दार होतें, आणि दारांतून आंत गेल्यावर दाराविषयींच बोलत राहणारा पाहुणा घरांतल्या माणसांशीं कधीं बोलणार?

यावर जे आक्षेप येतील त्यांचा आतां विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, ही लबाडी आहे. खुर्ची बुद्ध्या दृष्टीआड ठेवून शेवटीं ती पुढें करणें हा नाटककाराचा नव्हे, गारुड्याचा धंदा आहे. परंतु लबाडीची कसोटी सोपी आहे: दुसऱ्यांदा पाहतांना एक तरी दृश्य खोटें ठरतें काय? येथें एकही ठरत नाहीं. चार्ल्स डिकन्स यानें १८६४-६५ मध्यें मासिक हप्त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीच्या ताज्या कलमांत म्हटलें आहे कीं, जें आपण लपवीत आहों असें कांहीं वाचकांस वाटेल, तेंच सुचविण्याची आपण खटपट करीत होतों. हीच कादंबरी 'लॉस्ट' मधील डेसमंड नांवाचें पात्र जिवापाड जपतें, हें या मालिकेच्या प्रेक्षकांस ठाऊकच आहे. आणि खुर्ची मुळांत लपविली कोणीं? खुद्द लॉकनें. सहल-कंपनीस त्यानें आपली स्थिति कळविली नाहीं, कारण ती कळतांच काय होईल हें तो अनुभवानें जाणत होता: माणूस नाहींसा होईल आणि खुर्ची तेवढी उरेल. मेलबर्नच्या गुमास्त्यानें तेंच केलें. लॉकला जगांत कोणींही दिली नाहीं ती सवलत दिग्दर्शकानें त्यास पाऊण तासापुरती दिली, म्हणजे खुर्ची वजा करून माणूस पाहिला. हिला लबाडी म्हणणारांनीं आपण त्या गुमास्त्याहून कितपत वेगळे आहों, याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप: लेखकांनीं हें सारें आधीं ठरविलेलें नव्हतें, जसजसें सुचलें तसतसें रचीत गेले. मालिका किती वर्षें चालवावयाची हेंच त्यांच्या हातीं नव्हतें. आणखी ४८ भाग करून ती २०१० मध्यें संपवावयाची, असें मे २००७ मध्यें जाहीर झालें. पण आक्षेपकांनीं या भागांतील फोनवरच्या त्या स्त्रीकडे पाहावें. लॉक तिला हेलन म्हणतो. प्रथम तें केवळ एक नांव असतें. दुसऱ्या पर्वांत, २००५ च्या ऑक्टोबरांत, खरी हेलन येते. लॉकनें जिच्यावर प्रेम केलें आणि जिला गमावलें ती. त्यानंतर तो चौथा भाग पाहतांना कळतें कीं, हा मनुष्य पैसे मोजून एका अनोळखी आवाजाला आपल्या गमावलेल्या प्रेयसीच्या नांवानें हांक मारीत आहे. २००७ च्या मार्चांत कळतें कीं, त्याच्या बापानेंच त्याला आठव्या मजल्यावरून खालीं लोटलें होतें. ही योजना २००४ सालीं लेखकाच्या मनांत होती कीं नव्हती, यानें दृश्याच्या अर्थांत तिळमात्र फरक पडत नाहीं. अर्थ कृतींत असतो, कर्त्याच्या टिपणवहींत नव्हे. आणि मागाहून चढलेला अर्थही, मूळ कृति त्याचा भार सोसण्याइतकी भक्कम असेल तरच चढतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणारांविषयीं आम्हांस आदर आहे. पंगुत्व ही चमत्कारानें पुसून टाकावयाची आपत्ति आहे आणि चाकांच्या खुर्चींतलें जिणें तें अपुरें जिणें, असाच संस्कार या कथेनें होत नाहीं काय? भाग एकदांच पाहून थांबणाराच्या बाबतींत तो होतो, हें आम्ही मान्य करतों. मनुष्य उभा राहतो, वाद्यें उचंबळतात, प्रेक्षक सद्गदित होतो. पण पुन्हां पाहणाऱ्यास दोन गोष्टी दिसतात. एक अशी कीं, मेलबर्नमध्यें लॉकची वाट त्याच्या पायांनीं अडविली नाहीं. ती गुमास्त्यानें आणि विम्याच्या सबबीनें अडविली. दुसरी अशी कीं, परत मिळालेले पाय हें वरदान नव्हतें, तें कर्ज होतें. ज्या बेटानें पाय दिले त्याच्या नांवानें कोणींही कांहींही सांगावें आणि लॉकनें तें ऐकावें, अशी त्याची पुढें गत झाली. पायांतली संवेदना पुन्हां जाऊं लागली कीं तो लहान मुलासारखा भेदरे. २५ फेब्रुवारी २००९ रोजीं दाखविलेल्या भागांत तो मोडलेल्या पायानें पुन्हां चाकांच्या खुर्चींत बसून जुन्या सोबत्यांच्या दारोदार हिंडतो. कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीं. आणि लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलच्या खोलींत, ज्यानें त्याला आजवर खेळविलें त्याच बेंजामिन लायनसच्या हातून, त्याचा अंत होतो. चौथ्या भागाच्या शेवटीं तो जळत्या सांगाड्याच्या उजेडांत आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत उभा असतो. त्याच्या चेहऱ्यावरचें तें समाधान हा सारा शेवट ठाऊक असलेल्यास विजयाचें वाटत नाहीं. तें पाहवत नाहीं.

चौथा आक्षेप हा कीं, इतकें सर्व खरें असलें तरी मालिकेनें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं नाहींत, याचें काय? येथें प्रतिपक्षास एक गोष्ट दिलीच पाहिजे. ४, ८, १५, १६, २३ आणि ४२ या सहा आंकड्यांभोवतीं जें गूढ वाढविण्यांत आलें, त्यांतील बरेंच आज पुन्हां पाहतां कोरडें वाटतें. परंतु त्याचें कारण उत्तर मिळालें नाहीं हें नव्हे. उत्तर मिळालें असतें तरी तें कोरडेंच वाटलें असतें, कारण आंकड्यांना दुखत नाहीं. ज्या गूढाच्या तळाशीं माणूस नाहीं, तें गूढ न उकलल्यास चिडवितें आणि उकलल्यास विसरलें जातें. तेव्हां मालिकेचें जें फसलें तें याच सिद्धान्तामुळें फसलें, आणि जें टिकलें तें त्याला न जुमानतां टिकलें.

हें सर्व आपणांस नवें वाटावें, हेंच खरें आश्चर्य होय. आपल्या नाट्यशास्त्रानें 'नाटक' या रूपकप्रकाराचें कथानक प्रख्यात असावें, म्हणजे प्रेक्षकांस आधींच ठाऊक असावें, असा दंडक घालून दिला. शकुंतलेला दुष्यंत ओळखणार नाहीं, आणि शेवटीं ओळखणार, हें ठाऊक असलेला प्रेक्षकच कालिदासाला हवा होता. पुढें काय होणार या चिंतेंतून मन मोकळें झाल्यावांचून, होत आहे तें कोणाला होत आहे, इकडे तें वळत नाहीं.

म्हणून परीक्षणकारांनीं आपलें मौनव्रत आतां सोडावें. नव्या कृतीच्या पहिल्या आठवड्यांत शिष्टाचार जरूर पाळावा. पण त्यानंतर तिचा शेवट धरून, तिच्या रहस्यासकट, तिच्याविषयीं बोलावें. आणि घरोघरच्या प्रेक्षकांनीं दर रात्रीं नवें खोकें उघडण्याची घाई करण्यापेक्षां एखादा आवडलेला जुना भाग काढून पुन्हां पाहावा. रहस्य फुटतांच ज्या कथेंतला माणूस नाहींसा होतो, ती कथा कोणीं आधीं सांगून टाकली तरी कोणाचें कांहीं बुडत नाहीं. आणि जींत तो मागें उरतो, तिचें कोणीं कांहीं बिघडवूं शकत नाहीं.